गाळ निजलाय, उठवू नका

मी मुंबईला चार दिवस जाऊन आले आणि चारही दिवस भांडले. मिरजेला परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, “काय काय बघितलंस?” अंधेरीत एक पाटी बघितली, कांजूरमार्गला अंड्यांचे ट्रे बघितले आणि खारदांड्याला एक चिनी मातीची बरणी बघितली, असं मी सांगितल्यावर त्यांनी विषय बदलला. म्हणून लिहून काढते आहे. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आधी परबबाई कोण ते सांगते. डॉ. इंदुमती परब पदार्थविज्ञानातल्या आणि त्यांचा विषय मऊ पदार्थ. दही, साबणाचा फेस, पेज, खळ, चिखल. जे धड पाण्यासारखं वाहत नाही आणि धड दगडासारखं उभंही राहत नाही, ते सगळं बाईंचं. आता याला सॉफ्ट मॅटर म्हणतात आणि त्याच्या परिषदा भरतात. बाईंनी सुरुवात केली तेव्हा लोक हसायचे. त्यांचे वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले, सुताला खळ लावायच्या खात्यात. नुसती ठेवलेली खळ घट्ट का होते आणि ढवळली की पातळ का होते, असं बाईंनी लहानपणी वडिलांना विचारलं होतं. वडिलांना सांगता आलं नाही, म्हणून बाई जन्मभर तेच शोधत बसल्या.

अंधेरीतल्या एका संस्थेत त्यांची प्रयोगशाळा होती. संस्थेचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर त्यापुढे आणखी काही शब्द लिहावेसे वाटतील. तिथे मी चार वर्षं बाईंच्या हाताखाली होते. मग लग्न होऊन मिरजेला आले, कॉलेजात शिकवलं आणि निवृत्त झाले. बाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. आता संस्थेने त्यांच्या नावाचं दालन केलं, शनिवारी उद्‌घाटन ठरवलं आणि मला दहा मिनिटं बोलायला बोलावलं. मी कळवलं, येते, पण आधी बाईंच्या प्रयोगवह्या बघायला द्या. चाळीसच्या वर वह्या होत्या. उत्तर आलं नाही, म्हणून मी बुधवारीच जाऊन धडकले.

अंधेरी, बुधवार

आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग चहा आणि मग कामाचं बोलणं. इथे आधी रजिस्टरमध्ये सही, मग ओळखपत्र, मग गळ्यात पट्टा, आणि मग प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी, तेही इतकं गार की दाढ ठणकली. अतिथीगृहात थंडगार सँडविच मिळालं. भाकरी मागितली नाही, नशीब त्यांचं.

प्रशासनाचे अधिकारी पस्तिशीचे, इस्त्रीचे, गोड बोलणारे. त्यांनी मला दालन दाखवलं. काच, दिवे, बाईंचा मोठा फोटो. फोटोत बाई हसत होत्या, म्हणजे तो नक्कीच प्रयोगशाळेतला नव्हता. शेजारी पडद्याआड पाटी होती. “शनिवारी अनावरण आहे मॅडम,” असं ते म्हणत होते तोवर मी पडदा बाजूला केला होता.

पाटीवर लिहिलं होतं: परदेशात झालेल्या मूलभूत संशोधनाला पूरक असे कार्य डॉ. परब यांनी केले.

पूरक! माझ्या डोक्यात तिडीक गेली. गाळ जितका जास्त वेळ स्वस्थ पडून राहतो तितका तो हलवायला अवघड होतो, त्याला जणू वय चढतं, हे बाईंनी मोजून दाखवलं तेव्हा तिकडे कुणी त्या वाटेला गेलंही नव्हतं. मला ठाऊक आहे, कारण ते मोजणारे अर्धे हात माझे होते. पितळेच्या एका भांड्यात गाळ, त्यात दुसरं लहान भांडं बुडवलेलं, त्याला दोरा, दोऱ्याच्या टोकाला कोळ्यांच्या जाळ्याची शिशाची वजनं. किती वजनं टांगल्यावर आतलं भांडं फिरू लागतं, ते मोजायचं. तासाभराने, दिवसाने, आठवड्याने.

“वह्या आणा,” मी म्हटलं. “त्यात सगळं आहे, तारखांसकट.”

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. “मॅडम, वह्या नाहीयेत. बाई रिटायर झाल्यावर एक ट्रंक आली होती. छाननी समितीने बघितली, पण त्यात रिसर्च नव्हता.”

“काय होतं मग?”

त्यांनी फाइल उघडून माझ्यासमोर धरली. समितीच्या इतिवृत्तात स्वच्छ टाइप केलेलं होतं: सदर वह्यांमध्ये घरगुती पाककृती तसेच तान्ह्या मुलाच्या झोपेच्या नोंदी असून त्या जतन करण्यायोग्य नाहीत.

मी ते तीनदा वाचलं. साहेब आवाज खाली आणून म्हणाले, “बाईंचं लग्न झालं नव्हतं ना मॅडम? म्हणून समितीने जास्त खोलात जायचं टाळलं. म्हणजे, त्यांच्याच रिस्पेक्टसाठी.”

वाचकहो, त्या टेबलावर काचेचा पेपरवेट होता आणि मी तो उचलला नाही, याचं श्रेय मला कुणीतरी द्यावं.

बाई वह्या मराठीत लिहायच्या. इंग्रजीत पुढे छापायला द्यायचं, पण हाताशी पदार्थ असताना डोक्यात मराठीच येतं, असं त्या म्हणायच्या. गाळाचं हे काम छापायचं राहूनच गेलं, ते वह्यांतच होतं. आणि त्यांचे दोन शब्द होते, त्या दोन शब्दांवर त्यांचं सगळं शास्त्र उभं होतं. एक ‘लागलं’. दही लागतं तसं. एकदा लागलेलं मोडलं की मोडलं; पुन्हा कितीही वेळ ठेवा, ते पहिल्यासारखं होत नाही. दुसरा ‘निजला’. हा गाळासाठी. गाळ स्वस्थ ठेवला की निजतो, ढवळला की जागा होतो आणि पुन्हा ठेवला की पुन्हा निजतो. काय मोडून संपतं आणि काय मोडूनही परत जुळतं, एवढा मोठा फरक त्यांनी घरातल्या दोन क्रियापदांत बसवला होता. वहीत असायचं: ‘सव्वा तास निजला. उठवला. लगेच उठला. पुन्हा निजवला. आज तीन दिवस निजू देणार.’ आणि इंग्रजी माध्यमातून शिकून आलेल्या पाच विद्वानांनी ते वाचून बाईंना एक गुपचूप मूल चिकटवलं आणि वह्या रद्दीत दिल्या.

“पाटी बदला,” मी म्हटलं.

“मॅडम, मजकूर कमिटीने पास केलाय. काही लेखी पुरावा असेल तर द्या ना, शुक्रवार संध्याकाळपर्यंत. मी स्वतः पुट अप करतो.”

रद्दी कुठे गेली ते तरी सांगा म्हटल्यावर कांजूरमार्गच्या एका भंगारवाल्याचा पत्ता मिळाला. चहा शेवटपर्यंत आला नाही.

विक्रोळी, गुरुवार

कांजूरमार्गच्या आधी विक्रोळीला उतरले, कारण बाईंचे धाकटे भाऊ दत्ताराम, आमचे अण्णा, तिथे चाळीत राहतात. बाईंच्या वेळी इथे कारखान्यांचे भोंगे ऐकू यायचे, आता समोर उंच इमारती आल्यात आणि त्यांच्या वाहनतळाच्या भिंतीने चाळीचा वारा अडवलाय. त्यावरूनही मी चिडले. एकदा चिडले की हाताला लागेल त्यावर चिडते, असं आमचे हे म्हणतात.

अण्णा दारातच होते. “इलंस गो वैजू? ये, ये. केस पिकले मां तुझे!”

त्यांनी आधी जेवायला वाढलं. उकड्या तांदळाची पेज, वर खोबऱ्यातलं सुकट, कैरीची फोड. माझ्या घाटावरच्या जिभेला पेज म्हणजे आजारपणाचं जेवण, पण त्या दिवशी दोन वाट्या प्यायले. पेज निवली की वर साय धरते, ती चमच्याने हलवून बघायची बाईंची खोड होती. मी तेच करते आहे हे अण्णांच्या लक्षात आलं आणि ते हसले.

मग मी सुरू झाले. समिती, साहेब, पाककृती, तान्हं मूल. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मूल म्हटल्यावर तर ते खो खो हसले, डोळ्यांतून पाणी काढून हसले, आणि मग डोळे पुसले. म्हणाले, “बायचा एक पत्र तुका इला होता मां? ती रिटायर झाली तेव्हा?”

मी हातातली वाटी खाली ठेवली.

आलं होतं. पत्र मला पाठ आहे, म्हणून तर मी इथवर ते लिहिलं नाही. ‘वैजू, माझ्या वह्या इंग्रजीत उतरवून देशील का? शब्द तुलाच कळतात. संस्थेत द्यायच्या आहेत, तशा दिल्या तर कुणाला समजायच्या नाहीत.’ मी उलट पत्र टाकलं होतं, बघू, दिवाळीनंतर निवांत करू. मुलीचं लग्न होतं, पेपर तपासायचे होते. दिवाळी झाली, मग पुढची झाली. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांचा स्वभावच नव्हता तो.

“ती काय म्हणाक नाय,” अण्णा म्हणाले. “वाट बघल्यान, मग ट्रंक धाडून दिल्यान.”

मी म्हटलं, “अण्णा, मला शिव्या घाला.”

“माका कित्याक ताप? तूच घालतंस मां सगळ्यांका, त्यातली एक सोताक घाल.” आणि त्यांनी माझ्या वाटीत आणखी पेज ओतली.

निघताना तेच म्हणाले, “खारदांड्याक हिराबाय आसा, तिका भेट. बाय शेवटपर्यंत तिच्याकडे जायची. आधी गाळ आणूक जायची तशी नाय, नुसती जायची, बसायची.”

हिराबाई मला आठवत होत्या. त्या कोळीण, शिशाची वजनं आणि गाळ दोन्ही त्यांच्याकडूनच यायचं. मुळात ‘गाळ निजतो’ हा शब्दच त्यांचा. बाईंनी तो त्यांच्या तोंडून उचलला होता.

कांजूरमार्ग, गुरुवार दुपार

कचऱ्याच्या डोंगराचा वास भंगारवाल्याच्या दुकानापर्यंत येतो. पहिली पाच मिनिटं मी पदर नाकाला लावला, मग लाज वाटून काढला, कारण तिथली माणसं त्याच वासात वडापाव खात होती.

दुकानदार बनियनवर, कानात फोन. मी वर्ष सांगितलं, संस्था सांगितली, ट्रंक सांगितली. त्याने कानातून फोन काढला.

“ओ मावशी, ट्रंक आठवते ना मला! पत्र्याची, निळी. ती मी ठेवली, मस्त होती. वह्या पण आठवतात. माझी बायको दोन दिवस वाचत बसली होती.”

“वाचत?”

“हां ना. तिला वाटलं दह्याचं काहीतरी सिक्रेट आहे. किती वाजता लावलं, किती वाजता लागलं, सगळं डिटेलमध्ये. तसं केलं तिने. झकास लागलं दही, एकदम सुरी मारून काढावं असं!”

मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. म्हणजे ज्या वह्या पाच विद्वानांना कळल्या नाहीत, त्या कांजूरमार्गच्या एका बाईने नीट वाचल्या, प्रयोग पुन्हा करून बघितला आणि उत्तर बरोबर आलं. “एखादी वही ठेवलीय का तिने?”

“नाय मावशी. सगळी वाट लागली. लॉट गेला ना कारखान्यात, लगदा झाला त्याचा.” त्याने कोपऱ्यातल्या करड्या थप्पीकडे बोट केलं. “तिथूनच हे येतात. अंड्यांचे ट्रे.”

लगदा हासुद्धा बाईंचाच पदार्थ. धड वाहत नाही, धड उभा राहत नाही. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, वैजू, दोन दिवस ठेवून बघ, काय होतं ते. मी त्याच्याकडून एक ट्रे मागून घेतला. तो मिरजेत माझ्या टेबलावर आहे, त्यात पेनं ठेवते. घरच्यांना वाटतं डोकं फिरलंय.

खारदांडा, शुक्रवार

ओहोटीची वेळ होती. हिराबाई गाळाच्या पट्ट्यापलीकडे होड्यांच्या सावलीत बोंबील निवडत बसल्या आहेत असं एका बाईने बोट दाखवून सांगितलं. रस्ता वळसा घालून होता. शुक्रवार संध्याकाळपर्यंत पुरावा द्यायचा होता, आणि मला घाई असली की मी सरळ जाते. गाळातून निघाले.

सात-आठ पावलांवर डावा पाय घोट्यापर्यंत गेला. मी रागाने ओढला, तो पोटरीपर्यंत गेला. आणखी झटापट केली तर गुडघ्याला आला. चार वर्षं गाळ मोजलेली बाई मी! दमून थांबले, तर त्याने पाय असा धरला की बोटंही हलेनात.

“गप उभी कशाला रायली?” पलीकडून आवाज आला. “जागा केलास, आता तो तुना धरून निजला! टाच हळूहळू गोल फिरव. हळू गो!”

त्यांनी सांगितलं तसं केलं. पाय आला, चप्पल राहिली. हिराबाई पंच्याहत्तरीच्या असतील, पण हसताना खांदे पूर्वीसारखेच हलत होते. “कोन, वैजू? बाईंची चष्मेवाली? यवऱ्या शाळा शिकून गाळाशी भांडतेस?”

घरी नेऊन त्यांनी माझे पाय धुवायला पाणी दिलं, नातसुनेची चप्पल दिली आणि बोंबील तळायला घेतले. मी त्यांना वह्यांचं सगळं सांगितलं. त्या तवा उतरवून उठल्या आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

सगळं घर नवीन होतं, फरशी, गुलाबी रंग, टीव्ही. वर मजला चढलेला. पण एका कोपऱ्यातली भिंत जुनीच, वीतभर जाड, चुन्याची, रंग न दिलेली. भिंतीत खाली कोनाडा, कोनाड्यात लोणच्याची चिनी मातीची बरणी. तोंडावर मेण ओतून बंद केलेली. आणि चिठ्ठी चिकटवलेली, बाईंच्या तिरप्या अक्षरात. वर माझ्या लग्नानंतरच्या वर्षातली तारीख, खाली एकच शब्द: ‘निजवला.’

मी तिथेच खाली बसले. तीस वर्षांहून जास्त!

“बाई बोलली, हिरा, हा हलवू नकोस,” हिराबाई सांगत होत्या. “नाय हलवला. पोरानं घर बांधलं तवा गवंड्याला बोलले, या भिंतीला हातोडा लावलास त तुजा हात मोरीन. नातवानं मोठा स्पीकर आनला, तो वरच्या माल्यावर धाडला. होळीला ढोल वाजतात, ते बाईला इचारलं. बोलली, तेवरा चालतं, मानूस पन झोपेत कूस बदलतं.”

जगात इतका म्हातारा, इतका न हलवलेला आणि तारीख घालून निजवलेला गाळ दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. तिकडच्यांनी महिने मोजले असतील. बाईंनी ठरवून आपल्या मरणाच्या पलीकडचा प्रयोग लावून ठेवला होता, आणि तो कुठल्याही प्रयोगशाळेत ठेवायचा भरवसा त्यांना वाटला नव्हता. किती बरोबर होत्या त्या.

पुरावा माझ्यासमोर होता. घड्याळात साडेतीन. रिक्षाने अंधेरी फार लांब नाही. बरणी मांडीवर घेऊन त्या साहेबांच्या काचेच्या टेबलावर आदळायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी हात पुढे केला.

“तुना नेवाचा हाय त ने,” हिराबाई म्हणाल्या. “बाईनं तुज्याच नावानं ठेवला होता, वैजू येल बोलली होती. पन रिक्षात जागा व्हनार तो.”

रस्त्यातले खड्डे मला येतानाच मोजून झाले होते. पहिल्या खड्ड्यात तीस वर्षं संपली असती. माझा हात बरणीपाशी होता आणि माझ्या मनात कुणीतरी सारखं म्हणत होतं, ने, दाखव त्यांना. वैजू येईल. किती वर्षं म्हणत होत्या त्या असं? मी हात मागे घेतला आणि रडले. हिराबाईंनी रडू दिलं, मग म्हणाल्या, “बोंबील गार झाले.”

इतके कुरकुरीत बोंबील मी आयुष्यात खाल्ले नाहीत, आणि इतके वाईट मनाने काही खाल्लंही नाही.

फोनवर बरणीचे, चिठ्ठीचे फोटो काढून पाठवले. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. “मॅडम, फोटो मिळाला. पण हे लोणच्याची बरणी दिसतंय. आणि ‘निजवला’ म्हणजे... परत तेच येतंय ना.”

अंधेरी, शनिवार

नातसुनेची चप्पल घालून व्यासपीठावर बसले. हार, समई, पाहुण्यांचं इंग्रजी. मग अनावरणाची दोरी माझ्या हातात दिली, जुनी विद्यार्थिनी म्हणून. मी दोरी धरली आणि माइकवर मराठीत बोलले. इतक्या जोरात, की मागचा तंत्रज्ञ आवाज कमी करायला धावला.

सांगितलं, या पडद्यामागे खोटं लिहिलंय. बाईंच्या वह्या तुमच्या समितीने पाककृती म्हणून रद्दीत घातल्या, आणि जिला त्या समजत होत्या त्या मीच दिवाळीनंतर बघू म्हणून सांगितलं. दोघांनी मिळून बुडवल्या. पुरावा खारदांड्याला एका कोळणीच्या घरात निजलाय. तो इथे येणार नाही, तुम्हाला तिथे जावं लागेल. मोजायची यंत्रं घेऊन जा, हळू पावलांनी जा आणि आधी तिला विचारा. ही दोरी मी ओढणार नाही.

टाळ्या वाजल्या नाहीत. मागच्या रांगेतली एक मुलगी तेवढी उभी राहिली, काही बोलायचं होतं बहुतेक, पण शेजारच्याने तिला बसवलं. मग साहेबांनीच पुढे येऊन दोरी ओढली. ‘पूरक’ सगळ्यांनी वाचलं. जेवणात पनीर होतं, मी न जेवता निघाले.

याला आता तीन महिने झाले. संस्थेकडून एक पत्र आलं, विषय पुढील बैठकीत ठेवण्यात येईल असं. मी एक कोरी वही आणलीय आणि बाईंच्या वह्यांतलं जे आठवतं ते लिहिते आहे, एका पानावर मराठीत आणि समोरच्या पानावर इंग्रजीत. ‘निजला’ला इंग्रजी शब्द सापडेपर्यंत आठ दिवस गेले. सापडला तोही मनासारखा नाही.

दर रविवारी हिराबाईंना फोन करते.

“आलं का हो कोणी?”

“नाय, कोन नाय आला. तुजी चप्पल मातर सापडली. ओहोटीला वर आली.”

“आणि तो?”

“त्याला काय व्हतंय? निजलाय.”

माझा आवाज किती मोठा आहे ते आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. दूधवाल्याशी, नगरपालिकेशी, आमच्या ह्यांच्याशी मी त्याच आवाजात बोलते. पण खारदांड्याला फोन लावला, की मी अगदी हळू बोलते.